खोलल्याशिवाय ठरवू नका

गावाकडचा ट्रॅक्टर बिघडला की शहरात नोकरी करणाऱ्या पोरांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "विकून टाका ते डबडं. नवीन घेऊ, डाऊन पेमेंट मी भरतो." गेल्या वर्षभरात हे वाक्य मी किमान चार मित्रांच्या तोंडून ऐकलंय. चौघेही आयटीवाले. चौघांच्याही बोलण्यात घरच्यांची काळजी असते, त्याबद्दल शंका नाही. पण चौघांपैकी एकानेही आपल्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उघडलेला पाहिला नव्हता.

आता गंमत बघा. हेच लोक ऑफिसात काय करतात? एखादा नवा मॅनेजर जुन्या सिस्टीमचा कोड न वाचताच "हे सगळं फेकून नव्याने लिहू" म्हणाला की कँटीनमध्ये त्याची टिंगल होते. आधी उघड, वाच, नेमकं काय मोडलंय ते शोध, मग बोल, असं आपण त्याला (मनातल्या मनात) सुनावतो. हा नियम शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करून गावाकडच्या एसटीत बसलं की कुठे जातो कुणास ठाऊक.

माझं म्हणणं सरळ आहे. जुना ट्रॅक्टर ठेवावा की विकावा हे खोलल्याशिवाय ठरवू नये. आणि ठेवायचा ठरला तर तो पूर्ण दुरुस्त करावा. अर्धवट दुरुस्त करून वापरत राहणं हा जो तिसरा पर्याय गावोगाव चालतो, तो बंद झाला पाहिजे, कारण त्यात माणसं मरतात.

आमचाच ट्रॅक्टर घ्या. तीस वर्षांपूर्वीचा, ३५ एचपीचा, आठ पुढचे आणि दोन मागचे गिअर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तीस वर्षं नांगरट केल्यावर कुठलंही यंत्र झिजणारच, त्यात कंपनीचा काय दोष? तर याचा लो तिसरा गिअर लोडवर निसटायला लागला होता. म्हणजे नांगर जमिनीत घुसलाय, इंजिन जोर लावतंय आणि अचानक खट्ट करून दांडी न्यूट्रलला. शेतात हे नुसतं वैतागवाणं असतं. ट्रॅक्टर जागेवर थांबतो, आपण दोन शिव्या घालतो, पुन्हा गिअर टाकतो. पण मागे उसाची भरलेली ट्रॉली असेल आणि रस्ता कॅनॉलकडे उतरत असेल तर?

तर काय होतं ते नीट समजून घ्या. या जुन्या गिअरबॉक्समध्ये आपल्या कारसारखी सिंक्रोमेशची सोय नसते. खाचा पाडलेल्या शाफ्टवर अख्खा गिअर सरकतो आणि समोरच्या गिअरच्या दातांत जाऊन बसतो. दोघे वेगवेगळ्या वेगाने फिरत असतील तर तो बसतच नाही, नुसता कर्रर्र आवाज येतो. म्हणून अशा ट्रॅक्टरचे गिअर थांबून बदलायचे असतात. उतारावर गिअर निसटला की इंजिनाचा अडसर संपला, ट्रॅक्टर वेग घेतो, आणि वेग घेतला की गिअर परत पडत नाही. राहिले फक्त मागच्या दोन चाकांचे ब्रेक. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. कित्येक टन ऊस मागून ढकलत असताना ते दोन ब्रेक काय करणार?

हे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माहीत नव्हतं असं नाही. उतारावर न्यूट्रल मारणाऱ्या पोरांना त्यांनीच भर रस्त्यात झापलेलं मी लहानपणी पाहिलंय. पण स्वतःच्या ट्रॅक्टरवर त्यांचा इलाज काय होता? दांडीला जुन्या ट्यूबचा पट्टा बांधून तो सीटखाली अडकवलेला. "चालतंय की अजून," म्हणाले. वय अडुसष्ट.

हा ट्यूबचा पट्टा तुम्हाला अनेक गावांत दिसेल, म्हणून त्याबद्दल थोडं. दांडी ताणून धरली की गिअर निसटत नाही हे खरं. पण दांडीच्या खाली एक शिफ्टर फोर्क असतो, जो गिअरच्या गळ्यातल्या खाचेत बसतो. त्याचं काम गिअर सरकवायचं आणि मग मोकळं राहायचं. पट्टा बांधला की तो फोर्क फिरत्या गिअरवर दिवसभर घासत राहतो. फोर्क झिजतो, खाच झिजते, आणि वर्षभरात पट्टा आणखी घट्ट बांधावा लागतो. बग लपवण्यासाठी टाकलेला पॅच बग वाढवतो, हे आपल्या धंद्यातल्या कुणाला नव्याने सांगायला नको.

शेवटी तालुक्याचे मिस्त्री आले. साठीच्या आसपासचे. मी पुण्याचा साहेब असल्याच्या थाटात विचारलं, "मिस्त्री, अंदाजे किती खर्च येईल? की विकायचाच?" ते म्हणाले, "खोलल्याबिगर काय सांगू?" बस्स. नंतर पंधरा मिनिटं काही बोललेच नाहीत.

त्यांची तपासायची पद्धत बघून मला खरंच बरं वाटलं. जे फुकटात तपासता येतं ते आधी. दांडीखालचं झाकण काढलं की शिफ्टरच्या पट्ट्या वरूनच दिसतात. प्रत्येक पट्टीवर खाचा असतात आणि त्यात स्प्रिंगने दाबलेली एक पोलादी गोळी बसते. गिअर जागेवर धरून ठेवते ती हीच. स्प्रिंग मेली असेल तर शंभर-दोनशे रुपयांत काम आटोपतं. आमची स्प्रिंग मेलीच होती, पण फोर्कही वाकला होता, आणि त्यावर कुणीतरी कधीतरी वेल्डिंग केलेलं होतं. (कुठल्यातरी गॅरेजने पाचेक वर्षांपूर्वी "गिअरबॉक्स केला" म्हणून पैसे घेतले होते. ते हे काम.) मग मिस्त्रींनी पहार लावून शाफ्ट पुढे-मागे ढकलून पाहिला. तो हलला. हलायला नको होता, म्हणजे बेअरिंग गेलेले. आणि टॉर्चच्या उजेडात सरकत्या गिअरचे दात टोकाशी निमुळते झालेले दिसले. हे खरं दुखणं. दात सरळ असेल तर जोर फक्त फिरवण्यात जातो. निमुळता झाला की त्या जोराचा थोडा हिस्सा गिअरला शाफ्टवरून बाजूला ढकलायला लागतो. जितका लोड जास्त, तितका ढकला जास्त. म्हणून मोकळा चालवताना काही होत नव्हतं आणि नांगर लावला की निसटत होता.

ऑइल सोडलं तर ते दुधट. दांडीचं रबरी बूट फाटलेलं, पावसाचं आणि धुण्याचं पाणी तिथून वर्षानुवर्षं आत गेलेलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी मऊ पेस्ट असणं नॉर्मल असतं. आमच्याकडे पेस्टमध्ये नखाएवढे तुकडे होते.

आता खोलणं म्हणजे काय ते सांगतो. अशा ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल हे एकमेकांना बोल्टने आवळलेले असतात आणि त्यांचंच मिळून ट्रॅक्टरचं अंग बनतं. हेन्री फोर्डच्या १९१७ च्या फोर्डसन मॉडेल एफपासून ही रचना जगभर पसरली. त्यामुळे गिअरबॉक्सपर्यंत पोचायचं तर ट्रॅक्टर मधून दोन भागांत वेगळा करावा लागतो. पुढच्या भागाखाली जॅक आणि लाकडी ठोकळे, मागच्या भागाला चेनपुली, आणि मग बोल्ट काढून दोन्ही भाग हळूहळू लांब करायचे. पहिल्यांदा बघताना छातीत धस्स होतं. पण ही सगळी कसरत आमच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसांनी केली. इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवून जे कळलं नव्हतं ते त्या शेडमध्ये दोन दिवसांत कळलं. :-)

एक हिशोब मी तिथेच बसून केला. इंजिन मिनिटाला २००० फेरे मारतंय आणि ट्रॅक्टर ताशी ५ किलोमीटरने नांगरतोय असं धरा. मागच्या टायरचा परीघ साधारण ४ मीटर. म्हणजे चाक मिनिटाला जेमतेम २१ वेळा फिरतं. २००० चे २१. जवळजवळ शंभरपट वेग कमी करायचा आणि त्याच पटीत (घर्षणात जाईल ते सोडून) जोर वाढवायचा, हे सगळं त्या लोखंडी पेटाऱ्यात होतं. काळ्या मातीतून नांगर ओढणारा जोर शेवटी त्या नखाएवढ्या दातांवर येतो. म्हणूनच ते दात कशाचे बनलेत याला महत्त्व आहे.

आणि इथेच बाजारातली खरी चोरी होते. गिअर घ्यायला गेलो तर डबे सगळे सारखेच, चकचकीत, होलोग्राम लावलेले. मिस्त्री खिशातून कानस काढून दुकानदारासमोरच दाताच्या कडेला हळूच घासायला लागले. नीट कडक केलेल्या पोलादावरून कानस घसरते. चावली, तर तो गिअर मऊ आहे, घरी न्यायचा नाही. पहिल्या दुकानात चावली. दुसऱ्या दुकानात घसरली. ही चाचणी करणारा माणूस सोबत नसेल तर पुण्यातून ऑनलाइन पैसे पाठवून पार्ट मागवण्याला काही अर्थ नाही.

गिअर जोडीनेच बदलले, सरकणारा आणि त्याच्या समोरचा. "एकच बदला, दुसरा चांगला दिसतोय" असा मोह अण्णांना झाला होता. नवा दात झिजलेल्या दातावर चालवला की आवाज करतो आणि नवाही लवकर जातो. बेअरिंगची गोष्ट मला सगळ्यात आवडली. तीस वर्षं जुन्या बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला होता, ६३०८. हा नंबर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात सांगा, आतला व्यास ४० मिमी, बाहेरचा ९०, रुंदी २३. ठरलेलं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतला व्यास मिळतो, हे मिस्त्रींना तोंडपाठ. ट्रॅक्टर बनवणारी कंपनी उद्या बंद पडली तरी हे बेअरिंग मिळेल. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला, तरी एचएमटी चालवणारे शेतकरी अजून दिसतात, त्याचं एक कारण हे असे सर्वांसाठी खुले असलेले मापदंड. आपण ओपन स्टँडर्डवर ब्लॉग लिहितो, हे लोक ते वापरतात.

पैशाचं बोलू. गिअर, बेअरिंग, फोर्क, सील, गॅस्केट, ट्रॅक्टर खोललाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग, बत्तीस लिटर ऑइल (याच ऑइलवर हायड्रोलिकही चालतं म्हणून इतकं) आणि मजुरी धरून बिल झालं ४६,००० रुपये. अण्णांना हे फार वाटलं. शोरूमवाल्याने तर सांगितलंच होतं की जुन्यावर पैसे घालणं म्हणजे वाळूत पाणी ओतणं.

तर आता त्याचं पाणी कुठे जातं ते बघू. समजा जुना एक्स्चेंजला देऊन वर ६ लाखांचं कर्ज घेतलं, व्याज १२ टक्के, पाच वर्षं, सहामाही हप्ते. एक हप्ता येतो साधारण ८१,५०० रुपये. असे दहा, म्हणजे ८ लाख १५ हजार. आमचा ट्रॅक्टर घरचं चार एकर आणि भावकीतलं थोडं भाड्याचं काम मिळून वर्षाला चारशे तास चालला तर खूप झालं. म्हणजे डिझेल टाकायच्या आधीच दर तासाला चारशे रुपयांहून जास्त नुसता हप्ता. अख्खी दुरुस्ती एका हप्त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. आणि हप्ता तारीख बघून येतो. पाऊस लांबला, उसाचं बिल अडकलं, तरी येतोच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा पेपरात नव्या ट्रॅक्टरांच्या उतरलेल्या किमती झळकल्या. त्याच यादीत ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे भागही १८ वरून ५ टक्क्यांवर आले होते. त्याची जाहिरात कोण करणार?

म्हणजे जुनं ते सोनं, असं मला म्हणायचंय का? अजिबात नाही. ट्रॅक्टरच्या आठवणींवर गहिवरणाऱ्या पोस्ट मला वाचवत नाहीत. जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यावर चालकाला वाचवणारी फ्रेम नसते, स्टिअरिंग जड असतं, क्लच दाबून अण्णांचा गुडघा दुखतो. गिअरबॉक्सच्या हाउसिंगला तडा असता, किंवा बेअरिंग आपल्या जागेतच फिरून ते भोक मोठं झालं असतं, तर मीच म्हणालो असतो विका. क्राउन-पिनियनही गेलेली असती तरी हिशोब पार बदलला असता, कारण ती जोडी सेटमध्येच बदलावी लागते आणि बसवायला हात चांगला लागतो. पण हे सगळं कळलं कधी? खोलल्यावर.

आणि एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. आमच्या ट्रॅक्टरला आता उसाची ट्रॉली लागणार नाही. शेतातली कामं आणि गावातल्या गावात शेणखत, बस्स. ऊस कारखान्याला न्यायला ज्यांचे मोठे आणि चांगल्या ब्रेकचे ट्रॅक्टर आहेत त्यांना भाडं देऊ. यावरून घरात दोन दिवस अबोला होता. अण्णांच्या मते मी त्यांच्या ड्रायव्हिंगवर शंका घेतली. मी ब्रेकवर घेतली होती. ट्यूबचा पट्टा मी स्वतः कापून टाकला.

दुसरी बाजू नव्या ट्रॅक्टरांची. मी सॉफ्टवेअरवरच पोट भरतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला नावं ठेवायचा मला हक्क आहे असं समजतो. आपल्याकडे ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. चांगलंच झालं. पण त्यासोबत इंजिनावर सेन्सर आणि कंट्रोलर आले, आणि सेन्सरसोबत प्रश्न आला की एरर कोड वाचायचा हक्क कुणाचा. अमेरिकेतले शेतकरी या प्रश्नावर कित्येक वर्षं भांडतायत. कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा २०२३ मध्ये केला, आणि दुरुस्तीचं सॉफ्टवेअर फक्त डीलरांकडे ठेवल्याच्या आरोपावरून जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरवर खटला भरला. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा तिच्या विषयांत शेतीची अवजारं मोबाईलच्या बरोबरीने होती, हे बहुतेकांच्या लक्षातच आलं नाही. आपण मोबाईलपुरतंच वाचलं.

एरर कोडचं कुलूप लिहिणारे लोक आपल्यातलेच असतात. उद्या अशा एखाद्या प्रोजेक्टवर बसलात तर मीटिंगमध्ये एवढं तरी विचारा की हा कोड तालुक्याच्या मिस्त्रीला वाचता येईल का. त्यांच्याकडे आज पहार, कानस आणि तोंडपाठ नंबर आहेत. डायग्नॉस्टिक टूलचं लायसन्स नाही.

आणि मिस्त्रीही फार उरलेले नाहीत. आमच्या मिस्त्रींचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, पगार वेळेवर होतो, तो या कामाला कशाला परत येईल? त्यांच्या हाताखाली एकच पोरगा आहे आणि त्याचंही लक्ष मोबाईलच्या दुकानाकडे. म्हणून खोलताना मी प्रत्येक पायरीचे फोटो काढले. कुठल्या बाजूला किती शिम होते, कुठला बेअरिंग नंबर कुठे, स्प्रिंग कुठल्या खाचेत, असं दोन पानांवर मराठीत लिहून लॅमिनेट करून टूलबॉक्समध्ये ठेवलं. मिस्त्रींनी ते वाचलं आणि एक ओळ दुरुस्त केली. डाव्या-उजव्या शिमची जाडी मी मशीनकडे तोंड करून लिहिली होती. ते म्हणाले सीटवर बसून डावं-उजवं धरायचं असतं, सगळे तसंच धरतात.

नवे दात एकमेकांत बसताना सुरुवातीला थोडा चुरा निघतोच, म्हणून पहिलं ऑइल पन्नास तासांनी बघायचं असं त्यांनी सांगितलं होतं. ते मागच्या रविवारी बघितलं. रंग स्वच्छ, पाणी नाही. चुंबकावर काळी पेस्ट होती, बोटावर चोळून पाहिली, तुकडा एकही नाही. हायड्रोलिकच्या उजव्या पाइपातून मात्र अजून थेंब गळतोय. त्याचं सील तालुक्यात मिळालं नाही, कराडला सांगून ठेवलंय.